कथेचे ध्रौव्य

भाविक ज्याला कोकण शत्रुंजय म्हणतात, त्या ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील जैन मंदिराचे मूलनायक श्रीमुनिसुव्रतस्वामी हे विसावे तीर्थंकर. वर्ण श्याम, लांछन कूर्म. आणि जैन कालगणनेप्रमाणे रामकथा घडली ती यांच्याच तीर्थकाळात. हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या मनात तेथील गाभाऱ्यासमोर एक प्रश्न उभा राहतोच: एकच कथा दोन ठिकाणी निरनिराळी सांगितली गेली, तर तिला एकच कथा कोणत्या आधारावर म्हणावे?

हा प्रश्न आधुनिक वाङ्मयालाही सुटलेला नाही. १९६३ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथामालिकेत दोन शिक्षक आपल्या विद्यार्थिनीचा माग काढीत भंगाराच्या आवारात जातात आणि तेथे त्यांना कालयान सापडते. पुढल्याच वर्षी डेव्हिड व्हिटेकर यांनी तिच्यातील एका कथानकाची कादंबरी केली, तीत मात्र हीच दोघे परस्परांना अनोळखी असून धुक्यातल्या माळावर, अपघाताच्या रात्री, प्रथम भेटतात. व्हिटेकर मालिकेचेच कथासंपादक, म्हणजे सारे दप्तर त्यांच्याच हाती. तरी पुस्तकाला स्वतःचा आरंभ हवा म्हणून त्यांनी पहिला दाखला बाजूस सारला. सोयीपोटी झालेला असा फेरफार मला क्षम्य वाटतो.

विमलसूरींचे प्रकरण याहून गहन आहे. रामकथा जैन दृष्टीने सांगणाऱ्या त्यांच्या ‘पउमचरिय’ या प्राकृत महाकाव्यात श्रेणिक राजा राक्षसांविषयीच्या लौकिक कथांवर शंका घेतो आणि गौतम गणधर त्याला खरी हकीकत सांगतात. म्हणजे आधीच्या कथेची कैफियत मांडून मगच नवा निवाडा दिला जातो. त्या निवाड्यात रावणाचा वध लक्ष्मणाच्या हातून होतो, कारण जो त्याच भवात मोक्षाला जाणार, त्या रामाच्या माथी ही हिंसा येऊ नये. राम मुक्त होतो, लक्ष्मण नरकात जातो. वाल्मीकींवर पोसलेल्या माझ्या मनाला हे सोसवत नाही. तरीही जैन दर्शन सत्‌चे जे लक्षण सांगते, उत्पाद (उपजणे), व्यय (लोपणे) आणि ध्रौव्य (टिकून राहणे) यांचे एकत्र असणे, ते कथेला लावून पाहिले, तर मला घटना हे पर्याय, म्हणजे पालटणारी रूपे, वाटतात आणि धर्मनिष्ठाच्या हातून होणाऱ्या वधाचे दायित्व कोणाचे, हा प्रश्न ध्रुव वाटतो. दोन्ही कवी त्याच्याशीच झुंजतात आणि उत्तरात वेगळे होतात.

माझी फिर्याद फक्त न दिसणाऱ्या सांध्याविषयी आहे. १९८७ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘रामायण’ मालिकेतील लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या अरण्यकांडात नाही. मालिकेच्या नामावलीत अनेक रामायणांचा निर्देश असूनही असंख्य प्रेक्षकांनी ती रेषा आदिकवीचीच मानली. एकनाथांचे भावार्थरामायण युद्धकांडात थांबले आणि त्यांचा शिष्य गावबा याने ते पुरे केले. तेथे मात्र कोणाची लेखणी कोठे थांबली, हे मराठी परंपरेने नावानिशी सांगितले आणि तरीही ग्रंथ एकसंध म्हणूनच वाचला.