रस्ता कोणी निवडावा?

हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मदिनेतील एका स्त्रीच्या बुद्धीत काही दोष होता. तिने प्रेषितांकडे (स.) आपले काम असल्याचे सांगितले. प्रेषितांनी (स.) तिला अमक्याची आई अशा आदराच्या नावाने संबोधले, कोणत्या रस्त्यावर बोलायचे ते तिलाच ठरवायला सांगितले आणि तिचे काम होईपर्यंत ते तिच्यासोबत थांबले. ही हदीस आपण नम्रतेचे उदाहरण म्हणून सांगतो. पण तिच्यात आणखीही काही आहे. जिच्या बुद्धीविषयी शंका होती, तिची निवड मात्र ग्राह्य धरली गेली.

वाचकहो, घरातील भाऊ किंवा मुलगी स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मनोविकाराने ग्रस्त असेल, तर उपचारांनंतर त्यांनी कोठे राहावे, काय करावे, हे कोण ठरवतो? बहुधा आपणच, आणि तेही मायेपोटी. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्लाही मायेचाच असतो; समोरच्या घरापासून आजार लपविणे ही फसवणूक आहे, हे त्यात विसरले जाते. तामिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी रुग्णांना बरे होण्याच्या आशेने आणून ठेवणारे बहुधा आप्तच असत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आता साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. परंतु साखळी सुटली म्हणजे निवड हाती आली, असे होत नाही.

विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. सिरोंचा किंवा भामरागडच्या माणसाचा दिवस कसा जातो, हे तेथील डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कसे कळणार? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत काम ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. मोहफुले पहाटेच वेचावी लागतात. रात्रीच्या गोळीमुळे ज्याला तेव्हा जागच येत नाही, तो घरात आळशी ठरतो. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. नसेल तर त्याला दुपारी अंगणात बसून तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला आवडेल का, हे त्याला विचारावे. दुसऱ्याला बांधीत चारचौघांबरोबर रोवणी करतानाच बरे वाटेल. तिसरीला गर्दीत भीती वाटत असेल. आजाराचे नाव एक असले तरी माणसे तीन आहेत.

पण निवडच घातक असेल तर? सूरह निसामध्ये समज कमी असलेल्यांच्या हाती मालमत्ता सोपवू नये, मात्र तिच्यातून त्यांना खाऊ-पिऊ घालावे, वस्त्र द्यावे आणि त्यांच्याशी चांगले बोलावे, असा आदेश आहे. लगेच पुढच्या आयतीत अनाथांची पारख करीत राहण्यास आणि समज दिसताच त्यांचे धन त्यांच्या स्वाधीन करण्यास सांगितले आहे. हीच रीत येथेही लावता येते. आज शंभर रुपये देऊन आठवडी बाजारात पाठवावे. जमले तर पुढच्या वेळी पाचशे. हिशेब चुकला म्हणून सारेच काढून घेऊ नये, चूक आपल्याकडूनही होते.

औषधाबाबत मात्र ढिलाई नको. रमजान येण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे, तेव्हा रोज्यासाठी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आणि मस्जिदीत एखाद्याला शेवटच्या सफेत, दाराजवळच उभे राहायचे असेल, तर त्याला पुढे ओढू नका. तेथून त्याला बाहेर पडणे सोपे जाते, म्हणूनच तो आत आलेला असतो.