करडाचा वाटा

गेल्या चातुर्मासात संगमनेरकडच्या एका गावी आमचे कीर्तन झाले. निरूपणाचा विषय भूतदया. आरती होऊन मंडळी पांगली, आणि मागे एक वयस्क माळकरी बाई उभ्या राहिल्या. घरी विधवा सून, दोन नातवंडे आणि दावणीला तीन शेळ्या, एवढाच त्यांचा संसार. त्या म्हणाल्या, "महाराज, शेळीच्या दुधावर माझी नातवंडं वाढली. यंदा दोन बोकडं झाली. ती ठेवू कुठं? विकली तर कुठं जातात ते मला ठावं हाय. मग ही माळ गळ्यात ठेवू का उतरवू?"

आम्ही घाईने सांगून टाकले, "माउली, तुम्ही मारीत नाही, तुम्ही खात नाही. तुम्हांला दोष नाही." बाई नमस्कार करून गेल्या. परंतु परतीच्या एस.टी.त आमचेच उत्तर आम्हांस टोचू लागले.

सज्जनहो, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. शेळी दूध देते ती व्याल्यावर. तिचा गाभण काळ सुमारे 150 दिवसांचा. दूध हवे तर वेत हवे, आणि वेतात पाठीच यायच्या, बोकड यायचा नाही, असा करार सृष्टीशी कोणी केलेला नाही. जन्मणाऱ्या करडांत सुमारे निम्मे नर. पैदाशीला मात्र पंचवीस-तीस शेळ्यांमागे एक बोकड पुरतो; तोही दर दोनेक वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर बापलेकींचा संबंध येऊन वाण खालावते. मग उरलेल्यांचे काय? गाईच्या खोंडाला निदान औत होते. बोकडाच्या मानेला जू नाही. लेंडीखताखेरीज तो घराला काही देत नाही आणि पाला मात्र पोटभर खातो. निरर्थक वस्तूला संस्कृतात अजागलस्तनाची उपमा देतात. कित्येक शेळ्यांच्या गळ्याखाली दोन स्तन लोंबताना दिसतात, पण त्यांतून दूध येत नाही. व्यवहाराच्या हिशेबात बोकड तसाच ठरतो.

तात्पर्य, दुधाचा पेला आणि खाटकाचे दार ही दोन निराळी गावे नव्हेत. एकाच वाटेची ती दोन टोके आहेत. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्मांनी हे स्पष्ट सांगितले आहे. आणणारा, अनुमती देणारा, कापणारा, विकत घेणारा आणि विकणारा, रांधणारा, खाणारा, हे सारेच त्यांनी घातकांत गणले आहेत. विकणाराही त्यात आला. तो श्लोक आम्हांस पाठ होता. तरी आम्ही तो त्या बाईंपासून लपविला.

शांतिपर्वात राजा उपरिचर वसूची कथा आहे. यज्ञात 'अज' अर्पावा, म्हणजे काय अर्पावे, असा वाद पडला. ऋषी म्हणाले, अज म्हणजे बीज, धान्य. देव म्हणाले, अज म्हणजे बोकड. निवाडा वसूकडे आला. त्याने आधी कोणाचा पक्ष कोणता हे विचारून घेतले आणि देवांच्या बाजूने कौल दिला. आकाशातून संचार करणारा तो राजा ऋषींच्या शापाने भूमीच्या विवरात पडला. शब्दाचा अर्थ त्याला कळत नव्हता असे नव्हे; त्याने माणसे पाहून निवाडा दिला. आम्ही तरी दुसरे काय केले? गरीब बाई पाहिली आणि गोड कौल दिला.

असे का झाले, हे सांगण्यास संकोच वाटतो. पण सांगितलेच पाहिजे. 1972 च्या दुष्काळात आमच्या घरची गुरे गेली. राहिल्या त्या दोन शेळ्या. त्या बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला खाऊन जगल्या, आणि आम्ही भावंडे त्यांच्या दुधावर. पुढे आम्हांस पाठशाळेत धाडायचे ठरले, तेव्हा वडिलांनी एक बोकड बाजारी नेला. येताना धोतरजोडी आणि अमरकोश घेऊन आले. बोकड कुठे गेला हे आम्ही विचारले नाही. ज्या विद्येच्या बळावर आम्ही आज अहिंसा सांगतो, तिचे मूल्य कोणी दिले हे आम्हांस ठाऊक आहे. बाईंना निर्दोष म्हणताना आम्ही स्वतःलाच सोडवून घेत होतो.

1918 साली गांधीजी फार आजारी पडले. त्यांनी गाई-म्हशीच्या दुधाचा त्याग केला होता. कस्तुरबांनी सुचविले, शेळीच्या दुधाला अडचण कसली? ते त्यांनी घेतले आणि जगले. पण व्रताचे अक्षर राहिले, आत्मा गेला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. 'मी मारीत नाही, मी खात नाही' हेही तसेच अक्षर.

मग शेळी पाळूच नये काय? दोन एकर कोरडवाहूवाल्याला हे सांगणे सोपे नाही, आणि ज्याच्या ताटात आयते दूध येते त्याने तर ते सांगूच नये. आम्ही पुन्हा त्या गावी गेलो आणि बाईंना एवढेच सांगितले: माळ उतरवू नका, पण दोष नाही असेही मानू नका. चीक करडाचा, पुढेही आधी त्याचे पोट, मग आपला तांब्या. बोकड जाणारच म्हणून त्याला उपाशी ठेवणे हे दुसरे पाप. घरापुरते दूध निघते तोवर शेळी पुन्हा फळवू नका. जन्म कमी तर मरणही कमी. चांगल्या दुधाळ शेळीचा बोकड पैदाशीला राखा. विकावाच लागला तर 'पाळायला दिला' असे नातवंडांना सांगू नका.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आता खरं बोललात, महाराज."

त्या दोघांतला एक बोकड अंगाने चांगला निघाला. पंचक्रोशीतील शेळ्यांसाठी तो राखला आहे. त्याच्या चाऱ्याचा अर्धा खर्च आमच्या बिदागीतून जातो. ही काही पुण्याई नव्हे, जुने देणे आहे. दुसरा बोकड दिवाळीआधी विकावा लागला. सुनेच्या औषधाला पैसे नव्हते. त्याच्याविषयी आम्हांस काही सांगता येत नाही. भूतदयेवर बोलावयास उभे राहिलो म्हणजे तो आठवतो, एवढेच.