मुलाचं वय आणि मूल

दरवर्षी मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सप्ताहात श्रीगुरुचरित्राचा अकरावा अध्याय आला की माझं वाचन थोडं अडखळतं. घरातल्यांना वाटतं, वय झालं, दम लागला असेल. खरं कारण वेगळं आहे आणि ते आजवर मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

या अध्यायात कारंज्याच्या माधव आणि अंबा यांच्या पोटी श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म होतो. बाळ ओंकाराखेरीज काही बोलत नाही. सात वर्षांचं होतं, तरी मुकंच. पुढे मुंज लागते आणि मुखातून वेद बाहेर पडतात. आमच्या आजीला ही कथा तोंडपाठ होती. माझा धाकटा भाऊ माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान. साडेचार वर्षांचा झाला तरी 'आई', 'बा' यापलीकडे त्याचा शब्द नव्हता. आजी म्हणायची, "काळजी करू नका रे, महाराजसुद्धा मुंजीपर्यंत बोलले नव्हते."

मी तेव्हा, म्हणजे १९७४ साली, डी.एड. करत होतो. घोडनदीच्या आमच्या वाड्यातला शिकलेला पहिला मुलगा, त्यामुळे थोडी हवा डोक्यात होतीच. अभ्यासाला बालमानसशास्त्र होतं आणि त्यात स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे. मुलाची बुद्धी चार अवस्थांतून वाढते, असं त्यांचं म्हणणं. पहिली दोन वर्षं मूल हात, तोंड, डोळे यांनी जग ओळखतं. दोन ते सात या काळात शब्द आणि कल्पना येतात, पण तर्क कच्चा असतो. सातनंतर डोळ्यांसमोरच्या वस्तूंबाबत नीट तर्क करता येतो आणि अकरा-बाराच्या पुढे मनातल्या मनात. पियाजेंनी स्वतःच्या तीन मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं होतं, हे वाचून मला चेव आला. घरात आयतं मूल होतं. मी एक वही केली आणि आजीच्या भोळेपणाला हसत धाकट्याला तपासायला बसलो.

दोन सारखे पेले पाण्यानं भरायचे, त्यातला एक उभ्या, निमुळत्या बाटलीत ओतायचा आणि विचारायचं, जास्त पाणी कशात? सातच्या आतली मुलं बहुधा उंच भांडं दाखवतात. धाकटा पाण्याकडे बघतच नसे. माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि माझी नजर जाईल तिकडे बोट करायचा. मी वहीत लिहिलं, 'प्रश्न समजत नाही. भाषा नाही. पहिलीच अवस्था.' आणि वडिलांना सांगितलं, "याला शाळेत घालण्यात अर्थ नाही, हा मंद आहे." वडिलांनी माझं ऐकलं. आजीची पोथी म्हणत होती थांबा, माझी वही म्हणत होती सोडा. दोन्हींत पोराची दीड वर्षं गेली. त्याच्याबरोबरची गल्लीतली पोरं पहिलीत जायची, तेव्हा हा उंबऱ्यावर बसून असायचा.

आमची आत्या दौंडला, तिचे यजमान रेल्वेत. शिरूरहून न्हावरे, चौफुला करत आम्ही एसटीनं तिच्याकडे गेलो. दुपारी ती धाकट्याला गाड्या दाखवायला स्टेशनावर घेऊन गेली. फलाटावर मागून इंजिनानं शिट्टी दिली. सगळे दचकले, कडेवरची पोरं रडली. धाकटा शांत उभा होता. लोकांनी माना वळवल्या, तेव्हा त्यानंही वळवली. घरी आल्यावर आत्यानं त्याच्या पाठीमागे परात आपटली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे मास्तरा, याला ऐकूच येत नाही."

त्याचे कान लहानपणापासून वाहायचे. आम्ही गरम तेल घालायचो. पुण्याला दाखवलं तेव्हा कळलं, दोन्ही पडद्यांना भोकं होती. पुढे शस्त्रक्रिया झाली, एक कान बराचसा सुधारला, दुसरा नाही. बोलणं आलं, उशिरा आणि थोडं बोबडं.

आता पियाजेंना दोष द्यायचा का? मी पुष्कळ वर्षं दिला. पण पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा दिसलं की, दुसऱ्या अवस्थेची खूण म्हणून त्यांनी फक्त बोलणं सांगितलेलं नाही. एका वस्तूला दुसरी वस्तू मानून खेळणं, हीसुद्धा खूण आहे. आणि दौंडच्या त्या स्टेशनावरून आल्यापासून आमचा धाकटा काड्यापेट्या ओळीनं लावून गाडी चालवत होता. मी ते बघत होतो, पण वहीत लिहिलं नव्हतं. वयंही त्यांनी अंदाजे धरलेली, क्रम महत्त्वाचा मानलेला. १९७८ साली मार्गारेट डोनाल्डसन या स्कॉटलंडच्या बाईंनी तर दाखवून दिलं की, अशा प्रश्नांत मूल कितीदा वस्तूचा विचार न करता, विचारणाऱ्या मोठ्या माणसाला काय हवंय, तेच शोधत असतं. धाकट्याची माझ्या तोंडाकडे लागलेली नजर मला तेव्हा आठवली आणि जेवण गेलं नाही.

आणि आजीची पोथी? तिथेही आम्ही अर्धंच ऐकलं होतं. अकराव्या अध्यायातले आईबाप स्वस्थ बसलेले नाहीत. ते चिंता करतात, चार जणांना विचारतात, उपाय करतात. शिवाय ते बाळ मुकं असलं तरी सगळं ऐकतं. आईला खुणेनं सांगतं, मुंज करा, मग बोलेन. आमच्याकडे मुकेपण तेवढं जुळलं आणि आजीला पुरलं. त्या घरात मूल ऐकतंय की नाही हे आईला ठाऊक होतं, आमच्या घरात कुणालाच नव्हतं. दरवर्षी त्या ओव्यांपाशी माझा आवाज बसतो, तो यामुळे. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये बालकही आहे, हे आपण भक्तिभावानं वाचतो. मी घरातल्या बालकाचा परीक्षक झालो होतो.

पुढे चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीला शिकवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडकडे मुलांच्या अंगणातच शाळा नेली, त्याबद्दल वाचलं होतं. तेवढं मला जमलं नाही. पण नवीन पोर वर्गात आलं की पहिले चार दिवस मी त्याच्या पाठीमागे उभा राहून हाक मारायचो. सहकारी हसायचे. अवस्थांचा तक्ता मी टाकून दिला नाही, अजून कपाटात आहे. पोर मागे आहे असं वाटलं की तो काढायचो आणि मग त्याच्या घरी जायचो.

धाकटा पुढे आत्याकडेच राहिला. दौंडला त्याचं मोटारी भरून देण्याचं दुकान आहे. उसाच्या पट्ट्यातले शेतकरी पाण्याच्या मोटारी त्याच्याकडे आणतात. बेअरिंग गेलंय का, हे तो तळहात ठेवून सांगतो. त्या वहीबद्दल मी त्याला साठीत सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तुझं तोंड मला अजून पाठ आहे."

यंदा आषाढात त्याचा फोन आला. त्याचा नातू दोन वर्षांचा झालाय, शब्द फारसा नाही. विहीणबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, सूनबाई मोबाईलवर तक्ते बघून रडते. "मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी मागं परात वाजवली," तो म्हणाला. "वळला लगेच. तरी सोमवारी पुण्याला नेतोय कान दाखवायला. तू येतोस?"