शस्त्र कमरेला, पहारा मनावर



आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशात आहेत. त्यांपैकी अमेरिकेतील टेक्सस राज्यात स्थायिक झालेला एक तरुण सुट्टीत घरी आला असता आम्हाला भेटला. गप्पांच्या ओघात तो म्हणाला, "अंकल, मी पिस्तुलाचा परवाना काढलाय. तिकडे रोज कमरेला असतं." आम्ही चमकलो. लहानपणी वेदीसेवक म्हणून उभा राहणारा हा मुलगा, आणि पिस्तूल?

आमच्या मनातला प्रश्न त्याने ओळखला. तो रात्रपाळीला एक दुकान सांभाळतो. शेजारच्या दुकानात बंदूक दाखवून लूट झाली, तेव्हापासून घरच्यांची झोप उडाली होती.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीचा परवाना म्हणजे सरकारने पारखून दिलेली मुभा. अमेरिकेत मात्र १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला जातो. तो हक्क घराबाहेरही लागू आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. टेक्ससमध्ये तर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला पिस्तूल जवळ बाळगण्यासाठी परवानाही लागत नाही. तरीही शिकल्याशिवाय शस्त्र हाती घेऊ नये, म्हणून याने तो रीतसर घेतला. चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि पन्नास गोळ्यांची नेमबाजीची चाचणी. त्या वर्गात एक विषय असतो, वाद हिंसेविना कसा मिटवावा. आम्हाला ते ऐकून नवल वाटले.

पहिले काही आठवडे फार अवघड गेले, असे तो सांगत होता. पॅन्ट एक माप मोठी, पट्टा जाड, शर्ट सैल आणि बाहेर काढलेला. वाकताना, गाडीत बसताना, वरच्या फळीवरची वस्तू काढताना सारखा हात कमरेकडे जायचा. शर्टातून आकार दिसत असेल, सगळे आपल्याकडेच पाहत असतील, असे वाटायचे. प्रत्यक्षात कोणाचेही लक्ष नव्हते. हळूहळू शरीराला सवय झाली.

मनाचे काय? एक चांगला बदल झाला. पूर्वी रस्त्यात कोणी गाडी आडवी घातली की हा भडकायचा, काच खाली करून दोन शब्द सुनवायचा. आता तो गप्प राहतो, वाट सोडतो. "अंकल, मला आता भांडायची सोयच उरली नाही," तो म्हणाला. "मी सुरू केलेल्या प्रत्येक भांडणात एक पिस्तूल आधीच हजर असणार." किती खरे आहे हे! ज्याच्या हाती मृत्यू आहे, त्याने सर्वांत जास्त सोसायला हवे.

परंतु दुसराही एक बदल झाला, आणि तो सांगताना त्याचा आवाज उतरला. एके सकाळी कामावरून घरी येताच त्याची चार वर्षांची मुलगी धावत आली आणि कमरेला मिठी मारू लागली. तो झटकन मागे सरला. मुलगी हिरमुसली. त्या दिवसापासून तो आधी पिस्तूल कुलूपबंद पेटीत ठेवतो, मग मुलीला जवळ घेतो.

त्याच्या चर्चच्या दारावर शस्त्रबंदीची पाटी आहे, म्हणून रविवारी तो पिस्तूल गाडीत कुलपात ठेवून मिस्सेला जातो. एका रविवारी शांतीच्या अभिवादनाची वेळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आले की, आपण सुरुवातीपासून दाराकडेच पाहत आहोत. आत येणारा प्रत्येक अनोळखी माणूस तो तपासत होता. प्रवचनातला एक शब्दही त्याला आठवेना.

त्याची भीती निराधार आहे असे आपण दुरून म्हणू नये. २०१७ मध्ये टेक्ससमधील सदरलँड स्प्रिंग्स येथील चर्चमध्ये उपासना चालू असताना झालेल्या गोळीबारात २६ बळी गेले. २०१९ मध्ये त्याच राज्यात व्हाइट सेटलमेंट येथील चर्चमध्ये दोघे मारले गेले, मात्र तेथे सुरक्षेसाठी उभ्या असलेल्या एका सशस्त्र भाविकाने हल्लेखोराला काही सेकंदांतच थोपवले. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. चोरासाठी आणलेले शस्त्र निराशेच्या एका रात्री घरातल्याच माणसाच्या हाती लागू शकते.

मग ख्रिस्तसभा काय शिकवते? स्वसंरक्षण हे पाप नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याचा विचार मांडला. आपला हेतू जीव वाचवण्याचा असावा, मारण्याचा नव्हे. आणि बळ गरजेपुरतेच वापरावे, त्याहून अधिक नाही. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही हेच सांगतो; ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी तर संरक्षण हे गंभीर कर्तव्य ठरू शकते. मात्र गेथसेमानी बागेत पेत्राने तलवार उपसली, तेव्हा प्रभूने ती म्यानात घालायला सांगितले, आणि जखमी मल्खाचा कान बरा केला. पेत्र आपल्या गुरूचेच रक्षण करीत होता. तरीही समोरचा चाकर प्रभूच्या नजरेत केवळ शत्रू नव्हता, बरा करण्याजोगा माणूस होता.

निघताना त्या तरुणाने विचारले, "अंकल, मी चूक करतोय का?" आम्हाला होय म्हणता आले नाही आणि नाहीही म्हणता आले नाही. आम्ही त्याच्या दुकानात रात्री उभे राहिलेलो नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "कामावरून आल्यावर पेटीला कुलूप लावतोस ना? तेव्हा क्षणभर थांब आणि स्वतःला विचार, आज मी किती माणसांकडे शत्रू म्हणून पाहिले? ज्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर द्यायला मन कुरकुरेल, त्या दिवशी शस्त्राचा पुन्हा विचार कर." तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "परवान्याच्या वर्गात हे नाही शिकवलं."

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपण आपल्यालाही विचारू या. आपल्या कमरेला पिस्तूल नाही. पण बांधावरून कोर्टात गेलेला भाऊ समोरून आला की आपला हात मनातल्या कोणत्या शस्त्राकडे जातो? आज शांतीचे अभिवादन करताना शेजाऱ्याकडे नीट पाहू या. आणि रात्रपाळीवर उभ्या असलेल्या आपल्या दूरच्या लेकरांसाठी एक प्रार्थना करू या, की त्यांना ते शस्त्र कधीही उपसावे लागू नये.