शेतातील ठेव आणि डब्यातील तिकीट

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील एक दाखला आम्हांला पुष्कळ वर्षे कोड्यात टाकीत आला आहे. एका माणसाला शेतात पुरलेली ठेव सापडते. तो ती पुन्हा लपवितो, आनंदाने घरचे सर्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. शेताच्या मालकाला त्याने काही सांगितल्याचा उल्लेख नाही. मग हा मनुष्य अनुकरणीय कसा? प्रश्न पुस्तकी वाटेल. परंतु जुनी टपाल तिकिटे जमविणाऱ्यास तो वारंवार प्रत्यक्ष भेटतो.

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर व गडचिरोली हा एकच जिल्हा होता, आणि त्याचे जुने नाव चांदा. या मुलखातील मालगुजारांच्या वाड्यांत, निवृत्त शिक्षकांच्या पेट्यांत जुन्या पत्रांचे बस्ते अजून सापडतात. घरच्यांच्या लेखी ती रद्दी असते. संग्राहकाच्या लेखी मात्र एकाच चित्राच्या, एकाच रंगाच्या दोन तिकिटांतही मोठा भेद असू शकतो. १८५४ ची राणी व्हिक्टोरियाची तिकिटे कात्रीने कापावी लागत, कारण त्यांना छिद्रे नव्हती. १८६५ पासूनच्या कागदात हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह आले. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात हे मोजावे लागते, टपालाचा शिक्का वाचावा लागतो. हे ज्ञान आम्ही तीस वर्षे मेहनतीने मिळविले आहे, आणि आमच्या मोहाचे मूळही तेच आहे.

काही वर्षांपूर्वी मूल तालुक्यातील एका खेड्यात एका वृद्ध बाईंनी पत्र्याचा एक डबा आमच्यापुढे ठेवला. आत पावत्या, पोस्टकार्डे, सुटी तिकिटे. दोनशे रुपये ही किंमत त्यांनीच सांगितली. आम्ही घासाघीस न करता दिली. घरी येऊन एकेक तिकीट स्कॅनरवर ठेवता ठेवता एका जुन्या पाकिटातून गांधीजींचे दहा रुपयांचे तिकीट निघाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटे निघाली होती. त्यांवर ‘बापू’ हा शब्द देवनागरीत आणि उर्दूत आहे. घरगुती टपालाला दहा रुपयांचे तिकीट लागतच नसे, म्हणून ते घेणारे थोडे. आणि म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ. आम्ही दर इंचाला १२०० ठिपके इतक्या सूक्ष्मतेने त्याची प्रतिमा घेतली. नकली तिकिटात ऑफसेट छपाईचे रंगीत ठिपके सुटे दिसतात. अस्सल तिकीट स्वित्झर्लंडमधील कूर्वाझिए यांच्या छापखान्यात फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापलेले. छिद्रांचे माप साडेअकरा भरले. तिकीट अस्सल होते, आणि त्याची किंमत दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट होती.

तीन आठवडे ते आम्ही घरात ठेवले. या काळात मनाने पुष्कळ वकिली केली. किंमत त्यांनीच सांगितली होती. ओळख पटविण्याचे श्रम आमचे होते. आणि शेवटी, तो शेतातील ठेवीचा दाखला होताच.

संत ऑगस्टीन यांनी त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात एका परिचिताची हकीकत सांगितली आहे. एक अजाण विक्रेता त्याला एक हस्तलिखित अगदी स्वस्तात देऊ लागला. त्याने मात्र अनपेक्षितपणे पूर्ण रास्त मोल दिले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याहून काटेकोर विचार केला. सोन्याला पितळ समजून कोणी विकले आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असले, तर तो अन्यायाने घेतो आणि भरपाईस बांधील असतो. घेताना आम्हांलाही ठाऊक नव्हते, ही आमची पळवाट. पण कळल्यानंतरचा प्रत्येक दिवस त्या पळवाटेत बसत नव्हता.

ज्ञानाला मोबदला नसावा असे आम्ही म्हणत नाही. वैद्य घेतो, वकील घेतो; परंतु तो मागून घेतो, समोरच्याला सांगून घेतो. दुसऱ्याच्या अज्ञानातून गुपचूप काढलेला नफा हा मोबदला नव्हे. आपल्या जंगलपट्टीला हे शिकविण्याची गरज नाही. मापभर मिठाला मापभर चारोळी देणाऱ्या आदिवासीनेही सौदा राजीखुशीनेच केला होता, असे व्यापारी म्हणू शकत होता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. बांबू पूर्वीचाच होता. त्याचे मोल जाणून बोलणारे लोक आता सौद्याला बसले.

आणि दाखला? पुन्हा वाचताना ध्यानात आले, की त्यातला माणूस आपले सर्वस्व विकतो. प्रभू त्या त्यागाकडे बोट दाखवीत आहे, व्यवहाराच्या चतुराईकडे नव्हे. आम्हांला काहीही न विकता ठेव हवी होती.

अखेर आम्ही परत गेलो. सर्व हकीकत सांगितली, बाजारातील किंमत सांगितली आणि ती देऊ केली. बाईंनी तिकीट तळहातावर घेतले, बराच वेळ पाहिले. त्यांच्या यजमानांनी, शाळामास्तर असताना, ते हौसेने घेतले होते. पुढे ते हरवले असेच घरचे समजत होते. मग त्या म्हणाल्या, “हे त मी तुमाले इकलंच नाई.”

त्यात राग नव्हता, आरोपही नव्हता. आम्ही मात्र वाटभर मोलाचा हिशेब करीत आलो होतो. फरकाची रक्कम भरली की न्याय पुरा झाला, अशी आमची समजूत होती. जे आपल्याजवळ आहे हे ज्याला ठाऊकच नाही, ते देण्यास त्याने संमती दिली असे कसे म्हणावे? आम्ही दोनशे रुपयांत रद्दी घेतली होती. तिकीट त्या सौद्यात कधी आलेच नव्हते.

ते आता त्यांच्या देवघरात, यजमानांच्या तसबिरीच्या काचेखाली आहे. आमच्यापाशी त्याची स्कॅन केलेली प्रतिमा तेवढी राहिली आहे. संग्रहाच्या वहीत त्या तिकिटाची जागा आम्ही मोकळीच ठेवली आहे.