आधी माणूस, मग नियम

अंडं घातलेलं पुडिंग रमाबाई खात नाहीत, यावरून इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठात नाराजी होती. याच गावी २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला होता. ख्रिस्ती झाल्यावर हा शाकाहार कशाला? मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जुन्या जातीचा ताठा दिसे. मग क्रूस आला. त्यावरची अक्षरं लॅटिन. मला न येणारी भाषा मी अंगावर का मिरवू, संस्कृत असेल तर चालेल, असं रमाबाईंचं म्हणणं. मग त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद. मग चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात राहून त्यांनी पुरुषांना शिकवावं की नाही, यावर थेट हिंदुस्थानातल्या बिशपांची मतं! एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या दावणीला जायला ही पंचविशीतली विधवा तयार नव्हती. हा पत्रव्यवहार छापलेला आहे, आणि आजही तो वाचताना हसू येतं, धाकही वाटतो.

आपल्या मंडळ्यांत रमाबाईंचं नाव मोठ्या आदरानं घेतलं जातं. पण बाप्तिस्म्याच्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीनं असे प्रश्न काढले, तर पाळकसाहेब तिच्या आईवडिलांना बोलावून घेतील, अशी मला दाट शंका आहे. रविवारची उपासना चुकवायची नाही, तंबाखू-दारूला शिवायचं नाही, प्रभुभोजन घ्यायचं, वर्गणी वेळेवर भरायची. एवढं सांभाळलं की ख्रिस्ती जीवन झालं, असा आपला हिशोब असतो. याचा कंटाळा आलेले लोक हल्ली विश्वासाला साहस म्हणतात. त्या शब्दानं मला तरुण संघाच्या शिबिरातला डोंगर आणि गिटार आठवते, म्हणून मी जरा बिचकतो. रमाबाईंचं साहस त्या जातीचं नव्हतं.

नियमांशी त्यांचं नातं फार आधीचं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष पत्करून गंगामूळच्या रानात घर केलं. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थामागून तीर्थ हिंडलं. दान, उपवास, व्रतं सारं यथासांग. पैसा दानात संपला आणि १८७४च्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण पाठोपाठ गेली. त्या माणसांच्या निष्ठेत खोट नव्हती. म्हणूनच रमाबाईंच्या मनातला प्रश्न साधा राहिला नाही: इतकं पाळूनही हे का? भावाबरोबर शेकडो कोस पायी तुडवून त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं, ‘सरस्वती’ म्हटलं. प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

बाप्तिस्म्यानंही ते लगेच मिळालं नाही. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली रमाबाईंनी पुढे स्वतः दिली आहे. तो सापडायला आणखी सातआठ वर्षं गेली. धर्मांतराला प्रवासाचा शेवट समजणाऱ्या दोन्ही बाजूंना, मिशनऱ्यांना आणि पुण्याच्या सनातन्यांना, ही कबुली सारखीच अडचणीची आहे.

रमाबाईंनी पुढे काढलेल्या शारदा सदनात हिंदू विधवांना त्यांचे सोवळ्याचे नियम पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करत, तेव्हा दार उघडं असे. मुली येऊन बसत. त्या उघड्या दारावरून १८९३ साली वादळ उठलं, ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार लावून घेतलं असतं तर संस्थेचा लौकिक वाचला असता. त्यांनी ते लावलं नाही.

आता कोणी म्हणेल, रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनात तर घंटेवर दिवस चाले. खरंच आहे. १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या, पुढे तिथली संख्या सुमारे २००० झाली. एवढं घर नियमांशिवाय दोन दिवस टिकणार नाही. फरक क्रमाचा आहे. वाँटेजला नियम दारात आधीपासून उभा होता, माणसानं त्यात मावायचं. केडगावला उपाशी मुलगी आधी आली. तिला निजायला जागा, शिकायला वेळ, शेतात काम हवं, म्हणून घंटा आली. शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा करणाऱ्या येशूचंही भांडण याच क्रमावरून झालं होतं.

असंच साहस ना. वा. टिळकांनीही केलं: १९१७ साली मिशनचं वेतन सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उघडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही तिथे जागा होती. १९१९ साली टिळक गेले आणि दरबाराचा जीवच गेला. साहस फसतंही, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

रमाबाईंचं शेवटचं साहस टेबलाशी बसून झालं. मराठी बायबल उपलब्ध असताना, खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत ते मुळातून पुन्हा उतरवायचं त्यांनी ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच कामात राहिल्या. बिशपांना न जुमानणारी ही बाई हिब्रू क्रियापदांपुढे मात्र वर्षानुवर्षं मुकाट बसली. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, आश्रमातल्या बायकांच्या हातून.