नऊ फटींची जीप

मला मोटार चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लायसन आहे, पण ते पत्त्याचा पुरावा म्हणून काढलेलं. गेली बावीस वर्षं मी जळगावात एका बँकेच्या काउंटरमागे बसतो आणि स्कूटरवर घरी येतो. या बावीस वर्षांत लोकांच्या वाहनकर्जाच्या इतक्या फायली पुढे सरकवल्या, की स्वतः एखादं वाहन घ्यावं ही इच्छाच मरून गेली होती. हलवायाला जिलेबी नकोशी होते, तसं.

तर अशा माणसाला गेल्या माघात धुळ्याजवळच्या एका खेड्यात, साखरपुड्याच्या जेवणानंतर, एक जीप दिसली.

शेवभाजी जरा जास्त झाली होती, म्हणून शतपावली घालत मळ्याच्या मागच्या अंगाला गेलो. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये, कोंबड्यांच्या ताब्यात, ती उभी होती. पुढून जीप, मागून पिकअप. कुणीतरी मागचा भाग कापून लाकडी हौदा बसवलेला, त्याला खाली पडणारा फाळका. डोक्यावर ताडपत्रीचं हूड, तेही घडी घालून मागे टाकता येणारं. पुढची काच बिजागरीवर. ढकलली की बॉनेटवर आडवी. म्हणजे गाडी उघडायची म्हटलं तर इतकी उघडी होणार, की आत बसलेला आणि रस्त्यावर उभा असलेला यांत फरक फक्त बूड टेकण्याचा.

शेतावरचा सालदार बिडी ओढत होता. म्हणाला, "इले काय करस भाऊ, भंगार शे ती."

पण मी तोवर पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजायला लागलो होतो. नोटा मोजायची सवय. एकदा मोजून भागत नाही, दोनदा मोजल्या. नऊ. आता ही नऊची भानगड मला कशी माहीत? आमच्या शाखेसमोर एक गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रीच्या तोंडून दुपारच्या चहाबरोबर हे ज्ञान फुकट मिळतं. साध्या नागरी जीपला सात फटी, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपला नऊ. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांवर जीपा काढल्या. युद्ध संपल्यावर आपल्याकडे उरलेल्या गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या. त्यातली ही एक असणार. ड्रायव्हरच्या सीटची गादी उचलून पाहिली. खाली पेट्रोलच्या टाकीचं झाकण! म्हणजे पेट्रोल भरायचं तर आधी साहेबांनी उठायचं. खूण पटली.

मालकीणबाई म्हणजे माझ्या मावसभावाच्या सासुरवाडीकडच्या काकू. वय सत्तरीच्या पुढे, काका जाऊन चार वर्षं झालेली. काका याच गाडीतून दोंडाईच्याला मिरची न्यायचे. "भंगारवाला अठ्ठावीस हजार म्हणतो," काकू म्हणाल्या. "तुम्हांला हवी असेल तर चाळीस द्या. जास्त होतात का हो भाऊ? तुम्ही बँकेतले, तुम्हांला कळतं."

समोरच्या मिस्त्रीच्या हिशेबाने ही गाडी, हौदा धरूनसुद्धा, शौकीन माणूस चार लाखांना डोळे झाकून उचलील. हे मला माहीत होतं. काकूंना नव्हतं. मी काय केलं? मी हौद्यातल्या कोंबडीकडे पाहिलं आणि म्हणालो, "विचार करून सांगतो."

त्या रात्री परतताना पारोळा गेलं, एरंडोल गेलं, माझं डोकं मात्र शेडमध्येच होतं. काच बॉनेटवर टाकून मी मेहरूण तलावाला चकरा मारत होतो. सौ. शेजारी, मुलं हौद्यात. मध्येच काकू दिसायच्या आणि काच आपोआप वर यायची.

घरी आल्यावर माळ्यावरून बी.कॉम.चं व्यापारी कायद्याचं पुस्तक काढलं. संकटात लोक पोथी काढतात. कॉमर्सवाल्याला हीच पोथी. १८७२ चा करार कायदा, कलम १७. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. बोलणं हे कर्तव्य असेल किंवा गप्प बसणं हेच बोलण्यासारखं असेल, तर गोष्ट वेगळी. पुढे उदाहरणं आहेत. लिलावात घोडा विकणारा घोड्याची खोड सांगत नाही; फसवणूक नाही. घेणारी त्याचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगायला हवं. दोन व्यापारी आहेत, एकाला भाव बदलल्याची खाजगी बातमी आहे. त्याने दुसऱ्याला सांगायलाच हवी असं नाही. वा! मी पुस्तक मिटणार होतो, एवढ्यात आणखी एक उदाहरण दिसलं. घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. आणि विकणारा गप्प बसतो. इथे गप्प बसणं हे बोलल्यासारखंच.

"जास्त होतात का हो भाऊ?" काकूंनी विचारलं होतं. आणि मी कोंबडीकडे पाहिलं होतं.

सौ.ला सगळं सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले. "ठेवणार कुठे?" आणि "काकूंना सांगितलंत का?" पहिल्याचं उत्तर मी अर्धा तास दिलं.

आमच्या शेजारी तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. अमळनेरला १९१६ साली प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तिथल्या ग्रंथालयात तरुणपणी महिनोन् महिने बसलेले. म्हटलं, यांना विचारू. मी मुद्दाम प्रश्न अमळनेरच्याच अंगाने घातला. "सर, विप्रोसुद्धा अमळनेरचीच ना? १९४५ ची. वनस्पती तुपाचा कारखाना. तिचे शेअर ज्यांनी पडेल भावाने विकले, त्यांना घेणाऱ्यांनी कुठे सांगितलं होतं, की विकू नका, पुढे करोडपती व्हाल?"

"घेणाऱ्याला तरी कुठे माहीत होतं?" सर म्हणाले. "दोघंही सारखेच आंधळे. त्याला नशीब म्हणतात. तुमच्या जीपच्या बाबतीत एकाला दिसतंय."

मग त्यांनी मला रोमला नेलं. सिसेरोच्या कर्तव्यावरच्या ग्रंथात स्केव्होला नावाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. जमीन विकत घ्यायला गेला, एकदाच काय ती किंमत सांग म्हणाला. विकणाऱ्याने सांगितली. हा म्हणाला, माझ्या मते हिची किंमत याहून जास्त आहे. आणि वर एक लाख नाणी देऊन मोकळा झाला. "सिसेरो पुढे काय म्हणतो माहीत आहे? हे सज्जनाचं काम, हे सगळे कबूल करतात. शहाण्याचं मात्र म्हणत नाहीत."

मला त्या स्केव्होलाचा रागच आला. त्याच्याकडे लाख नाणी होती, म्हणून सज्जनपणा परवडला. माझ्याकडे सोसायटीचं कर्ज काढून पन्नास हजार. मी किंमत खरी सांगायची म्हणजे गाडीवर पाणी सोडायचं. सांगणाऱ्याला वस्तू मिळत नाही आणि न सांगणाऱ्याला झोप, अशी ही व्यवस्था.

दोन दिवस मी हिशेबाच्या आडोशाला लपलो. घसाऱ्याचं गणित मांडलं. दहा हजारांची गाडी, घटत्या शिलकेवर दरसाल पंधरा टक्के घसारा, पन्नास वर्षांनी पुस्तकी किंमत तीन रुपयांच्या आत. म्हणजे चाळीस हजार देणारा मी दानशूरच ठरलो असतो. स्वतःशी खोटं बोलायला कॉमर्सइतकी उत्तम शाखा नाही.

मंगळवारी आरटीओचं काम करणारा एक ओळखीचा एजंट काउंटरवर आला. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. तो म्हणाला, साहेब, पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी केंद्राने २०२१ साली विंटेजचे नियम केलेत. नव्या नोंदणीची फी वीस हजार, आणि गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची तेवढीच. शिवाय गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात कापाकापी चालत नाही.

"आणि मागे हौदा बसवलेला असेल तर?"

"मग कसली विंटेज?"

काकांनी मिरचीसाठी केलेला तो हौदा! त्याच्यामुळेच गाडी जगावेगळी होती आणि त्याच्यामुळेच ती कायद्याच्या कुठल्याच खणात बसत नव्हती. मेहरूणची चक्कर माझ्या डोळ्यांसमोर विरून गेली.

आणि बुधवारी मी काकूंना फोन करून खरी किंमत सांगितली.

तारखा नीट पाहा. एजंट मंगळवारी, फोन बुधवारी. सोमवारीही फोन होता, रेंज होती, काकूही घरीच होत्या. हाच काटा मला अजून टोचतो. सर म्हणतात, सांगितलंत ना, झालं. सौ. काही म्हणत नाही, हे जास्त वाईट. गाडी बिनभानगडीची असती तर मी बुधवारी फोन केला असता की सोसायटीत कर्जाचा अर्ज? मी रोज लोकांची खाती जुळवतो, पण एवढी एक नोंद कुठे टाकावी ते सुचत नाही.

फोनवर काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माहीत होतं मला, भाऊ."

"काय?"

"चार लाख वगैरे नव्हतं माहीत. पण तुम्ही त्या फटी मोजत होता ना, तेही दोनदा, तेव्हाच वाटलं, ह्याला काहीतरी दिसलंय. भंगार घेणारा वजन करतो, फटी मोजत नाही."

"मग चाळीस हजार का म्हणालात?"

"यांची गाडी कुणी कापू नये एवढंच हवं होतं. आणि तुम्ही सांगता का, तेही बघत होते." मग हसल्या. "चार दिवस लागले."

मी रिसीव्हर, म्हणजे हल्लीचा मोबाइल, कानाला तसाच धरून उभा. काकू पुढे म्हणाल्या, "अजून हवी असेल तर चाळीसच. रस्त्यावर नाही चालणार म्हणता, तर मळ्यात चालवा. रविवारी या, आणि येताना बॅटरी आणा. जुनी मेली आहे."

आता चार लाखांची वस्तू चाळीसला, तीही सगळं उघड करून झाल्यावर, घ्यावी की नाही, यावर कलम १७ मध्ये एकही उदाहरण नाही. सर म्हणाले, सिसेरोतही नसावं. सौ. म्हणाली, आधी गाडी चालवायला शिका.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बॅटरीच्या दुकानात गेलो. या जीपला बारा नव्हे, सहा व्होल्टची बॅटरी लागते. दुकानदाराने चष्मा वर करून विचारलं, "कुठल्या गाडीला हवी?"

"गाडी अजून घेतलेली नाही," मी म्हणालो. "पण बॅटरीची किंमत तेवढी खरी सांगा."